शेतावरील कुत्र्याचा सालीना औषधखर्च

बैलाला सालीना किती पेंड लागते, म्हशीच्या एका वेतास औषधपाण्यासह किती खर्च येतो, शेळीपासून प्राप्ति किती, हे हिशेब आपले शेतकरी बंधु बोटांवर मोजून सांगूं शकतात. परंतु दारांतील कुत्र्याच्या औषधोपचारास गतसालीं किती रुपये लागले, असा प्रश्न केला असतां दहांपैकीं नऊजण हंसतात. कुत्र्याला कसला आला आहे खर्च, शिळ्या भाकरीवर तें जगतें, असें त्यांचें ठरलेलें उत्तर. प्रस्तुत लेखकाची हयात महसूल खात्यांत आंकडे मांडण्यांत गेली आहे. जो खर्च वहींत नाहीं तो झालाच नाहीं ही समजूत किती फसवी असते, हें त्यानें पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांपुरती ही एक बाब उघडून पाहण्याचें योजिलें आहे. हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. पुढें दक्षिण सातारा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले तरी शेतावरील कुत्र्याची स्थिति उभयत्र सारखीच आहे.

शेतावरचें कुत्रें हें शहरांतील हौसेच्या कुत्र्याहून निराळें जनावर होय. कृष्णाकांठीं ऊस वाढला म्हणजे कराड, वाळवें, शिराळें या भागांत बिबट्या उसांतच मुक्काम करूं लागतो व रानडुकरें एका रात्रींत सरीच्या सरी लोळवितात. तासगांवाकडे द्राक्षबागांतील विहिरींवर पंपाची केबल कापून नेणारे भुरटे चोर येतात. माण, खटाव, आटपाडी, जत या कमी पावसाच्या मुलखांत धनगराच्या वाड्याभोंवतीं लांडगा घिरट्या घालितो. या सर्व ठिकाणीं पहिली हांक कुत्र्याची. रात्रीं राखणीस माणूस ठेवावयाचा म्हटल्यास आज महिन्यास काय द्यावें लागतें, हें वाचकांस सांगावयास नको. कुत्रें तें काम विनावेतन करितें, आणि उघड्यावर, चिखलांत, उंदीरघुशींच्या व सापाकिरड्यांच्या संगतींत करितें. अर्थात् रोगाचा धोकाहि त्यास शहरी कुत्र्याहून अधिक.

कुत्र्याची कदर करण्याची चाल या प्रांतास नवी नाहीं. साताऱ्याजवळ संगम माहुली येथें शाहू छत्रपतींच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याचें स्मारक आहे. शिकारींत वाघापासून महाराजांचा जीव वांचविल्याबद्दल आवडत्या कुत्र्यास त्यांनीं जहागीर व पालखीचा मान दिला, ही हकीकत ग्रँट डफ यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासांतहि नमूद केली आहे. कुत्र्याच्या नांवें जहागीर चालल्याचें दुसरें उदाहरण आमच्या दप्तरांत तरी कधीं आढळलें नाहीं! दत्ताच्या तसबिरींत पायांशीं चार कुत्रीं असतात, खंडोबासंगतींहि कुत्रें असतें. औदुंबरास आणि पालीस जाणारे आपण सर्वजण त्यांसहि हात जोडतों. इतकें असतां घरच्या कुत्र्यास वर्षाची एक लस टोचावयाची म्हटली कीं हात खिशाशींच थांबतो, हें चमत्कारिक होय.

आतां आंकड्यांकडे वळूं. पुढील हिशेब वाळवें तालुक्यांतील आमच्या वस्तीवरच्या एका कुत्र्याचा असून तो एप्रिल ते मार्चअखेर अशा गत आर्थिक वर्षाचा आहे. कुत्रें चार वर्षांचें, वजन सुमारें २२ किलो, आई गांवठी व बाप करवानी. करवानी म्हणजे ज्यास कर्नाटकांत मुधोळचें कुत्रें म्हणतात तें. मुधोळच्या घोरपडे राजांनीं या जातीची जोपासना केली. २००५ सालीं टपाल खात्यानें तिचें चित्र तिकिटावर छापलें, आणि २०१६ सालीं सैन्यानेंहि तिचीं पिलें शिकवून पाहण्यासाठीं मीरतेस नेलीं. जत भागांत व धनगरांजवळ हीं कुत्रीं पूर्वापार आहेत. जात काटक खरी, परंतु अंगावर चरबी अशी नसतेच; म्हणून भुलीचें औषध देण्याचा प्रसंग आल्यास डॉक्टरास ही गोष्ट आवर्जून सांगावी.

बेंदराच्या अगोदर तालुक्याच्या गांवीं खासगी पशुवैद्याकडे नेऊन संयुक्त लस टोचविली, तिचे ७०० रुपये. पिसाळरोगाची लस २०० रुपये. तपासणीची फी ३०० रुपये. जंताच्या गोळ्या दर तीन महिन्यांनीं, दर खेपेस दोन-अडीच, म्हणजे खेपेस १२५ व सालाचे ५०० रुपये. गोचीड मारण्याचें, पाण्यांत मिसळून अंगास लावावयाचें औषध ९० रुपयांस बाटली, अशा सहा, त्यांचे ५४०. जाण्यायेण्यास २१०. येथवर २,४५० रुपये झाले. हा ठराविक खर्च. याशिवाय श्रावणांत कुंपणाच्या तारेनें कान फाटून जखमेंत किडे पडले. डॉक्टर वस्तीवर आले, त्यांची फी ५०० व औषधें ३५०, मिळून ८५०. एकंदर बेरीज ३,३०० रुपये. महिन्यास २७५ आणि दिवसास नऊ रुपये पडले. स्टँडवरचा चहा आमच्याकडे दहा रुपयांस मिळतो.

हे दर आमच्या गांवचे. मिरजेस अथवा सातारा शहरांत फी अधिक पडेल, आडगांवीं कदाचित् कमी. बाबी मात्र याच. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत यांपैकीं बराचसा खर्च वांचतो, कारण तेथें सेवाशुल्क अल्प असतें. लस शिल्लक आहे कीं नाहीं हें अगोदर विचारून जावें, म्हणजे व्यर्थ खेप पडत नाहीं. कुत्र्यास दवाखान्यांत नेणें अशक्य असेल तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा दूरध्वनि क्रमांक आहे. हा क्रमांक गाईम्हशींपुरताच आहे अशी पुष्कळांची समजूत दिसते. विचारावयास पैसे पडत नाहींत.

आतां जो हा ठराविक खर्च टाळतो त्याच्या वहीचें एक पान पाहूं. आमच्याच शिवारांतील एका बागाईतदारानें गतसालीं दोन महिन्यांचें पिलूं आणिलें. लस पुढें टोचूं म्हणतां म्हणतां त्यास रक्ताचे जुलाब व वांत्या सुरू झाल्या. हा पार्व्हो नांवाचा विषाणु. १९७८ च्या सुमारास तो जगांत प्रथम ओळखला गेला. त्यापूर्वींच्या आपल्या वाडवडिलांस तो ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि म्हणूनच ‘आमच्या आज्याच्या वेळीं कुत्र्यांस कोण लशी टोचीत होतें’ हा युक्तिवाद येथें लागू पडत नाहीं. पांच दिवस दोन्ही वेळ सलाईन लावावें लागलें. खर्च ६,००० रुपयांवर गेला व पिलूं तरीहि गेलें. संयुक्त लशींत या रोगाबरोबरच डिस्टेंपर व लेप्टो यांचाहि बंदोबस्त असतो. लेप्टोचे जंतु उंदरांच्या मुतांतून पावसाळी डबक्यांत उतरतात व माणसासहि बाधतात. भातखाचरांत व उसाच्या सरींत उघड्या पायांनीं वावरणाऱ्यास हें निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. ही लस पावसापूर्वीं देण्याचें कारणहि हेंच.

परंतु आमचा मुख्य मुद्दा याहून निराळा आहे. वरील हिशेबांतील २०० रुपयांची पिसाळरोगाची लस आम्हीं कुत्र्याच्या नांवें मांडिली खरी. वस्तुतः ती तेथें मांडणेंच गैर आहे. ती रक्कम घरच्या माणसांच्या व गोठ्याच्या खात्यास पडावयास पाहिजे. कारण लस टोचली जाते कुत्र्यास, पण राखला जातो तो मुलाचा जीव. हा रोग एकदां लक्षणें दाखवूं लागला कीं मग माणूस काय नि जनावर काय, वांचणें जवळजवळ अशक्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें जगांत दरसाल सुमारें ५९,००० माणसें यानें मरतात, त्यांतील एकतृतीयांशाच्या आसपास आपल्या देशांत. आणि माणसास होणारा हा रोग बहुतेक सर्व कुत्र्याच्याच दांतांतून येतो. मरणारांत लहान मुलांचा भरणा मोठा. मूल कुत्र्याच्या तोंडाशीं खेळतें, आणि ओरखडा उठला तर मार बसेल या भयानें घरीं सांगत नाहीं.

खानापूर तालुक्यांतील एका वस्तीवर घडलेली हकीकत आमच्या नात्यांतील गृहस्थांनीं समक्ष पाहिलेली आहे. रात्रीं कोणतेंसें कुत्रें गोठ्यांत शिरून गेलें. घरचें कुत्रें त्याच्याशीं झोंबलें, म्हणून त्यास शाबासकीहि मिळाली. म्हशीच्या नाकपुडीवर बारीकशी जखम होती. गव्हाणीचा खिळा लागला असावा असें समजून तिच्यावर हळद दाबली. सुमारें सव्वा महिन्यानें म्हैस वैरण खाईना. रवंथ बंद, तोंडाला लाळेच्या तारा, आवाज घोगरा, आणि सारखें रेंकणें. घशांत कांहीं अडकलें असावें म्हणून घरधन्यानें कोपरापर्यंत हात घालून पाहिला. त्याच्या भावानेंहि पाहिला. हातास उसाच्या पात्यांनीं कापलेलें होतेंच. तिसऱ्या दिवशीं सरकारी डॉक्टर आले त्यांनीं दुरूनच ओळखलें. लाखाच्या वरची म्हैस पांचव्या दिवशीं गेली. घरचें कुत्रें त्यापूर्वींच कोठेंसें निघून गेलें होतें, व तें परतलें नाहीं. घरांतील सात माणसांस लस घ्यावी लागली. सरकारी रुग्णालयांत ती फुकट मिळाली, परंतु सात माणसांच्या विट्यास खेपा, बुडालेली रोजमजुरी, आणि महिनाभर रात्रीं कोणाच्याहि डोळ्यास डोळा नाहीं, हा खर्च कोणत्या खात्यावर लिहावयाचा? त्या गृहस्थांच्या कुत्र्यास लस टोचलेली नव्हती.

अशा जनावराच्या तोंडांत हात घालूं नये, हें येथें ठळकपणें नमूद करितों. गाय-म्हैस एकाएकीं गिळेनाशी झाली व रेंकूं लागली तर प्रथम दावें लांब करून डॉक्टरास बोलवावें. दूध उकळून घेतलेलें असल्यास भय नसतें, तथापि संशय येतांच तें वापरणें बंद करावें. चीक अथवा निरसें दूध तर मुळींच नको. गुरांस कुत्रें चावल्याचें वेळींच समजल्यास त्यांसहि ठराविक दिवसांच्या अंतरानें लशी देतां येतात, म्हणून गोठ्यांत परकें कुत्रें शिरल्याचें कळलें कीं सकाळीं उजेडांत प्रत्येक जनावराचें नाक, कान व पाय नीट पाहावे.

माणसास चावल्यास काय करावें तेंहि थोडक्यांत सांगतों. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पुरीं पंधरा मिनिटें धुवावी. चुना, तिखट, हळद, तेल यांपैकीं कांहींहि भरूं नये. त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. जखमेंतून रक्त आलें असेल तर लशीशिवाय जखमेभोंवतीं निराळें सीरमहि टोचावें लागतें, तें मागून घ्यावें. लस दंडांत देतात व तिच्या चार किंवा पांच खेपा असतात. एकहि चुकवूं नये. पोटांत चौदा सुया घेतल्याच्या आठवणी सांगणारे वृद्ध अद्याप गांवोगांव भेटतात, आणि त्या भीतीनें अजूनहि कांहीं लोक मांत्रिकाच्या दारीं जातात. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस होती. २००४ च्या अखेरीस आपल्या देशांत ती बंद झाली. पाश्चरनें फ्रान्समध्यें १८८५ सालीं पहिल्यानें एका मुलास लस टोचली, १९०० सालीं कसौलीस या कामाची संस्था निघाली, आणि त्या काळीं कुत्रें चावलेल्या माणसास आगगाडीनें तेथवर धाडीत असत. आज ती तालुक्याच्या गांवीं मिळते.

चावणारें कुत्रें ओळखीचें असेल तर तें मारून टाकूं नये. बांधून ठेवून दहा दिवस त्यावर नजर ठेवावी. दहा दिवसांनंतरहि तें धडधाकट असेल तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोग नव्हता असें धरतात, आणि डॉक्टर त्याप्रमाणें पुढील निर्णय करितात. मात्र दहा दिवस वाट पाहून मग लस, असा अर्थ कोणी करूं नये. माणसाची लस पहिल्याच दिवशीं सुरू करावयाची.

गोचिडांची बाब लोक क्षुल्लक समजतात. गोचीडतापानें कुत्रें हळूहळू खंगतें. खाणें सुटतें, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकांतून रक्त येतें. रक्ताची तपासणी, सलाईन व चार आठवड्यांच्या गोळ्या मिळून आमच्या एका शेजाऱ्यास गतसालीं ४,५०० रुपये पडले. ९० रुपयांच्या बाटल्या त्यानें वांचविल्या होत्या. केवळ कुत्र्याच्या अंगास औषध लावून भागत नाहीं. गोचीड आपलीं अंडीं भिंतींच्या भेगांत व गोठ्याच्या फटींत घालितात, तेथेंहि औषध मारावें लागतें. औषध लाविल्यावर कुत्र्यानें अंग चाटूं नये म्हणून वाळेपर्यंत तोंडास मुसकें बांधावें. शहरांत तीन तीन महिने पुरणाऱ्या चघळावयाच्या गोळ्या मिळतात. गुण चांगला, परंतु एका गोळीस दोन हजारांच्या घरांत रुपये पडतात, तेव्हां शेतकऱ्यानें त्यांचा विचार आपल्या ऐपतीप्रमाणें करावा.

जंताच्या गोळीविषयीं मेंढरें बाळगणारांनीं विशेष लक्ष द्यावें. जत्रेंत बकरें कापलें म्हणजे काळिजांत वा फुप्फुसांत पाण्याच्या फुग्यासारख्या गांठी निघतात, व तो भाग खाटीक कुत्र्यांपुढें टाकितो. त्या गांठींतून कुत्र्याच्या आंतड्यांत अगदीं बारीक पट्टकृमि होतात. त्यांचीं अंडीं विष्ठेवाटे गवतावर पडतात, तीं मेंढरांच्या पोटांत जातात, आणि न धुतलेल्या हातांनीं व भाजीपाल्यानें माणसाच्याहि. माणसाच्या यकृतांत मग तीच गांठ वर्षानुवर्षें वाढत राहते व शेवटीं पोट फाडून काढावी लागते. यास उपाय दोनच: गांठीचें काळीज खोल पुरावें किंवा जाळावें, आणि कुत्र्यास प्राझिक्वांटेल हें औषध असलेली गोळी नियमानें द्यावी. दुकानांत ‘जंताची गोळी’ एवढेंच न मागतां हें नांव सांगावें, कारण सर्व गोळ्यांनीं पट्टकृमि मरत नाहींत. गाई राखणारांसाठीं आणखी एक गोष्ट. कुत्र्यांच्या विष्ठेंतून पसरणाऱ्या निओस्पोरा नांवाच्या सूक्ष्म परोपजीवीनें गाई गाभडतात, हें अलीकडच्या तीसचाळीस वर्षांत निश्चित झालेलें आहे. यास्तव वार व मेलेलें वासरूं कुत्र्यांस खाऊं देऊं नये, आणि वैरणीच्या गंजीवर कुत्रें निजूं देऊं नये. गंजीवर निजलेलें कुत्रें दिसतें फार सुखाचें, पण त्यास दुसरी जागा करून द्यावी.

घरगुती उपायांनीं होणारें नुकसान आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. जखमेंतील किड्यांवर डांबरगोळी कुटून भरणें, अंगावर पिकावरचें कीटकनाशक ओतणें, खरजेस जळकें तेल फांसणें, लंगडूं लागल्यास माणसाची दुखण्याची गोळी भाकरींतून देणें, हे प्रकार सर्रास चालतात. यांपैकीं प्रत्येकांत कुत्रें चाटून किंवा गिळून विष पोटांत घेतें. माणसाच्या दुखण्याच्या गोळ्यांनीं कुत्र्याच्या पोटांत व्रण होऊन रक्त वाहतें व मूत्रपिंडें निकामी होतात. गुरांचें गोचिडाचें इंजेक्शन उरलें म्हणून कुत्र्यास टोचणारेहि आहेत. मात्रा वजनावर असते हें ध्यानांत न घेतल्यामुळें तीं दगावतात. सापाचें म्हणाल तर शिराळकरांस कोणी शिकवावयास नको. नाग किंवा घोणस चावल्यास माणसास देतात तेंच प्रतिविष कुत्र्यासहि लागूं पडतें, परंतु बाटल्या अनेक लागतात व खर्च एका दिवसांत कित्येक हजारांवर जातो. तो करावा कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. आम्ही त्याविषयीं कोणास दोष देणार नाहीं.

पिलूं आणिल्यास पहिल्या सालचा खर्च अधिक येतो, हें हिशेबांत धरावें. सहा ते आठ आठवड्यांचें असतां पहिली संयुक्त लस, पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें चार महिन्यांचें होईपर्यंत पुन्हां, आणि तिसऱ्या महिन्यानंतर पिसाळरोगाची. जंताचें औषध आरंभीं पंधरवड्यास व मग सहाव्या महिन्यापर्यंत दरमहा. त्याच सालीं किंवा दुसऱ्या सालीं खच्चीकरणाचा विचार करावा. मादीच्या शस्त्रक्रियेस आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस खासगी दवाखान्यांत ५,००० रुपये पडले. रक्कम एकरकमी दिसावयास मोठी आहे खरी. पण वर्षास दोनदां होणारी व्यालेली पिलें पोत्यांत घालून दुसऱ्याच्या हद्दींत सोडण्याचा जो प्रघात आहे, त्याहून ती बरी. शिवाय उतारवयांत गर्भाशयांत पू होण्याचें भय राहत नाहीं. खंडाळा तालुक्यांत शिरवळ येथें १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ज्या शेतकऱ्यांस तें जवळ पडतें त्यांनीं अवघड दुखण्यास व शस्त्रक्रियेस तेथें विचारून पाहावें. दुरून जाणारांनीं गाडीभाड्याचा आंकडा अगोदर मांडावा.

एकंदरींत कुत्रें दहाअकरा वर्षें जगलें असें धरल्यास, आमच्या दरानें त्याचा जन्माचा औषधखर्च पस्तीस-छत्तीस हजारांच्या आसपास येतो. खानापुराकडची ती म्हैस याच्या तिप्पट किंमतीची होती.

राहतां राहिलीं तीं कोणाचींच नसलेलीं कुत्रीं. खेड्यांत हा प्रश्न फार नाजूक आहे. भाकरी घालणारीं घरें पांच, राखण मिळणारीं घरें दहा, आणि चावलें कीं मालक एकहि नाहीं! सातबाराच्या उताऱ्यावर जशी कांहीं जमीन सामाईक असते, तसें हें सामाईक खातें आहे, आणि सामाईक खात्याचा सारा कोण भरतो हें आम्हांस कारकुनी अनुभवानें चांगलें ठाऊक आहे. अशा कुत्र्यांच्या खच्चीकरणाची व लशीची जबाबदारी २०२३ च्या नियमांनीं स्थानिक संस्थांवर टाकिलेली आहे. तथापि ग्रामपंचायतीकडे पाहत बसल्यानें आपला गोठा सुरक्षित होत नाहीं. एखाद्या भागांतील शेंकडा सत्तर कुत्र्यांस लस टोचली गेली तर रोगाची सांखळी तुटते, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे वस्तीवर चाळीस कुत्रीं असतील तर अठ्ठावीस. पिसाळरोगाची लस दहा मात्रांच्या मोठ्या बाटलींतहि मिळते व ती स्वस्त पडते. अठ्ठावीस कुत्र्यांस तीन बाटल्या पुरतात. वस्तीवरील वीस खातेदारांनीं वांटून घेतल्यास प्रत्येकाच्या वांट्यास येणारी रक्कम एका बैलाच्या झुलीइतकीहि होत नाहीं. लस टोचण्याचें काम मात्र पशुवैद्यानेंच करावें.

दिवस कोणता, तर आमच्या मतें बेंदराच्या आदल्या आठवड्यांतला. कोठें कर्नाटकी बेंदूर करितात, कोठें महाराष्ट्री; ज्या गांवाचा जो असेल तो. त्या वेळीं प्रत्येकजण गोठ्यांतच असतो, शिंगें घासणें, घागरमाळा काढणें चाललेलें असतें, आणि तारीख विसरत नाहीं. ज्यांस तो साधला नाहीं त्यांनीं २८ सप्टेंबर धरावा. पाश्चरच्या पुण्यतिथीचा तो दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात व त्या सुमारास पुष्कळ ठिकाणीं सरकारी दवाखान्यांत लस फुकट टोचतात. लस नेहमीं बर्फाच्या डब्यांतून आणावी. सदऱ्याच्या खिशांत घालून उन्हांतून दुचाकीवर आणलेली लस व पाणी यांत फारसा भेद राहत नाहीं. टोचल्याची तारीख, लशीचा क्रमांक व पुढील तारीख कार्डावर लिहून घ्यावी, आणि तें कार्ड सातबाराच्या उताऱ्याबरोबर ठेवावें. कुत्रें कोणास चावल्यास पहिली विचारणा त्याचीच होते.

त्या दिवशीं कुत्र्यांस सकाळीं पोटभर घालूं नये. साखळीपेक्षां सुती दोर बरा. जें कुत्रें ज्याच्या हातचें खातें त्यानेंच तें धरावें, परक्यानें धरूं नये. तोंडास मऊ फडक्याची पट्टी वरून एक वेढा, खालून एक वेढा देऊन मानेमागें बांधावी. मुलांस दूर ठेवावें. टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर भंडाऱ्याचें बोट ओढावें, म्हणजे गर्दींत तेंच दुसऱ्यांदा टोचलें जात नाहीं, आणि सायंकाळीं किती राहिलीं तें मोजतां येतें.